बुद्धिबळात डाव ‘बरोबरीत’ कसा सुटतो? अर्धा गुण वाचवणारे आणि घालवणारे नियम

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बाटुमी इथं महिला विश्वचषक जिंकला. तिचा फोटो गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. पण अंतिम लढतीचा निकाल बारकाईनं किती जणांनी पाहिला? समोर होती आंध्रची अनुभवी कोनेरू हम्पी. पहिले दोन मोठे डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव झाले, त्यातला पहिलाही बरोबरीत. शेवटचा एकच डाव निकाली लागला, तो दिव्यानं घेतला आणि अडीच विरुद्ध दीड गुणांनी विश्वचषक आणला. म्हणजे चारपैकी तीन डाव बरोबरीचे. त्या तीनपैकी एक जरी डाव तिनं गमावला असता, तर विश्वचषक कदाचित हातातून निसटला असता.

आता खेड्यापाड्यातली पोरंही मोबाईलवर बुद्धिबळ खेळू लागलीत. शाळेत पट आलेत, तालुका आणि जिल्हा पातळीवर शालेय स्पर्धा होतात. मोहरे कसे चालतात ते पोरं भरभर शिकतात. पण डाव एक तर जिंकायचा नाहीतर हरायचा, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. त्यामुळं दोन ठिकाणी नुकसान होतं. हातात वजीर असताना जिंकलेला डाव एका चुकीच्या चालीनं बरोबरीत जातो. आणि जो डाव सहज वाचला असता, तो पोरगं हात मिळवून सोडून देतं. दोन्ही वेळी खेळ कमी पडत नाही, नियमाची माहिती कमी पडते.

अर्ध्या गुणाची किंमत

जिंकलं तर एक गुण, हरलं तर शून्य, बरोबरी झाली तर दोघांना अर्धा-अर्धा. ऐकायला अर्धा गुण किरकोळ वाटतो. पण पाच फेऱ्यांची स्पर्धा धरा. एकानं तीन डाव जिंकले, दोन हरला, त्याचे गुण तीन. दुसऱ्यानंही तीनच जिंकले, पण एक हरता डाव बरोबरीत सोडवला आणि एक हरला, त्याचे गुण साडेतीन. पुढच्या पातळीवर एकालाच जायचं असेल तर साडेतीनवाला जातो. तालुक्याहून जिल्ह्याला जायचं का घरी बसायचं, हे अशा अर्ध्या गुणावर ठरतं.

जत्रेच्या फडात कुस्ती लांबली, कोणी कोणाला चीत करेना, की पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. तिथं निर्णय पंचांचा असतो. बुद्धिबळात तसं नाही. डाव कंटाळवाणा झाला म्हणून बरोबरी होत नाही. त्याचे नियम ठरलेले आहेत, आणि त्यातले काही तर खेळाडूनं स्वतः मागितल्याशिवाय लागूच होत नाहीत. म्हणून ते माहीत पाहिजेत.

१. कोंडी, म्हणजे स्टेलमेट

नवख्या खेळाडूंचे सगळ्यात जास्त डाव इथंच हातचे जातात. समोरच्याची चाल आहे, त्याच्या राजाला शह नाही, पण त्याला करता येईल अशी एकही चाल शिल्लक नाही. राजा जिथं जाईल तिथं मार खातो, आणि दुसरा कुठला मोहराही हलू शकत नाही. डाव तिथंच संपला, बरोबरी.

काही घरांत असं समजतात की समोरच्याला चाल उरली नाही म्हणजे तो हरला. स्पर्धेत हे चालत नाही. फरक साधा आहे. शह आहे आणि सुटका नाही, तर मात. शह नाही आणि चालही नाही, तर बरोबरी.

पट समोर घेऊन मांडून बघा. पांढऱ्यांच्या बाजूनं बसल्यावर डावीकडून उजवीकडं उभ्या रांगा ए, बी, सी करत एचपर्यंत. आडव्या रांगा खालून वर १ ते ८. आता काळा राजा कोपऱ्यात ए८ वर एकटा ठेवा. पांढरा वजीर बी६ वर ठेवा, पांढरा राजा कुठंतरी लांब. चाल काळ्याची. ए७, बी७, बी८ ही तिन्ही घरं वजिराच्या माऱ्यात आहेत, पण ए८ वर शह नाही. झाली कोंडी. वजीर सी७ वर ठेवला तरी तेच. खूण लक्षात ठेवायला सोपी आहे: कोपऱ्यातल्या एकट्या राजापासून घोड्याच्या अडीच घरांवर आपला वजीर ठेवला की डाव बरोबरीत गेला म्हणून समजा.

यातून वाचायचे तीन उपाय. पहिला, समोर एकटा राजा उरला की चाल करण्याआधी विचारायचं, ‘माझ्या चालीनंतर त्याला जायला एक तरी घर राहतं का?’ दुसरा, शह देणाऱ्या चालीनं कोंडी कधीच होत नाही, कारण कोंडीत शह नसतो. पण म्हणून उगाच शहामागून शह देत राजाला पटभर पळवायचं नाही. आपला राजा जवळ आणायचा, मग मात बसते. तिसरा, दोन-तीन वजीर करायची हौस सोडायची. जिंकायला एक वजीर आणि आपला राजा पुरतो. वजीर जितके जास्त, तितकी समोरच्याची घरं बंद होतात आणि कोंडीचा धोका वाढतो.

समोरच्याकडं एखादं हलू शकणारं प्यादं असेल तर कोंडी होत नाही, कारण त्याला चाल आहे. उलट आपण हरत असू आणि आपल्या राजाला जागा नसेल, तर तेवढं एक प्यादं किंवा हत्ती समोरच्याला मारायला भाग पाडून कोंडी मिळवता येते. मोठे खेळाडूही असे डाव वाचवतात.

२. मात द्यायला बळच नाही

दोन्हीकडं फक्त राजे उरले तर डाव संपला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण राजा आणि एक उंट विरुद्ध एकटा राजा, किंवा राजा आणि एक घोडा विरुद्ध एकटा राजा, हेही डाव तिथंच बरोबरीत संपतात. एकट्या उंटानं किंवा एकट्या घोड्यानं मात बसूच शकत नाही. दोघांकडं एकेक उंट आहे आणि ते एकाच रंगाच्या घरांवरचे आहेत, तरीही बरोबरी.

वजीर, हत्ती, वेगवेगळ्या रंगाचे दोन उंट, किंवा उंट आणि घोडा जोडीनं असतील तर एकट्या राजाला मात देता येते. दोन घोड्यांचं मात्र वेगळं आहे. एकट्या राजानं नीट चाली केल्या तर दोन घोडे त्याला जबरीनं मात देऊ शकत नाहीत. पण त्यानं चूक केली तर मात बसू शकते, म्हणून डाव आपोआप थांबत नाही.

एक प्यादं उरलं तर मात्र डाव चालू. ते शेवटच्या रांगेला पोचलं की वजीर होणार. म्हणून शेवटचं प्यादं जपायचं, आणि हरत असलो तर समोरच्याचं शेवटचं प्यादं उंट किंवा घोडा देऊन का होईना मारायचं.

३. घड्याळ पडलं तर

वेळ संपली म्हणजे हरला, हे अर्धंच खरं. समजा तुमच्याकडं वजीर आहे, समोर एकटा राजा आहे आणि तुमची वेळ संपली. समोरचा एकट्या राजानं कधीच मात देऊ शकत नाही, म्हणून हा डाव बरोबरीत जातो. पण त्याच्याकडं एक प्यादं जरी असेल तरी तुम्ही हरलात, कारण त्या प्याद्याचा वजीर होऊ शकला असता. घाईच्या डावात पाच सेकंद उरलेत आणि मात दिसत नाही, तर समोरचं शेवटचं प्यादं आधी मारा. अर्धा गुण तरी पक्का होतो.

४. तीच स्थिती तीनदा

पटावर एकच मांडणी तीन वेळा आली आणि दर वेळी चाल त्याच खेळाडूची असेल, तर बरोबरी मागता येते. इथं दोन गैरसमज आहेत. एक, ती स्थिती लागोपाठ यायला पाहिजे असं नाही. मध्ये इतर चाली झाल्या तरी चालतात. दुसरा, चाली तीनदा सारख्या होऊन उपयोग नाही, अख्खा पट सारखा पाहिजे. एखादं प्यादं मध्येच एक घर पुढं गेलं की जुनी मोजणी संपली.

ही बरोबरी आपोआप मिळत नाही, ज्याची चाल आहे त्यानं मागावी लागते. समोरच्याच्या चालीनं तिसऱ्यांदा तीच स्थिती आली, तर आपण मोहऱ्याला हात न लावता घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. आपल्या चालीनं ती येणार असेल, तर चाल आधी कागदावर लिहायची, पटावर करायची नाही, आणि पंचांना सांगायचं. मोहऱ्याला हात लावला की त्या चालीपुरता हक्क गेला. मागणी चुकीची निघाली तर समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळतात आणि डाव पुढं चालू राहतो. म्हणून चाली नीट लिहायची सवय पाहिजे, पुरावा तोच. जलद डावात लिहिण्याची सक्ती नसते. तिथं स्थिती पुन्हा-पुन्हा येतेय असं दिसलं की घड्याळ थांबवून पंचांना पटाशी बोलवावं.

कोणीच मागणी केली नाही आणि तीच स्थिती पाच वेळा आली, तर मात्र डाव थांबतो आणि बरोबरी दिली जाते.

याच नियमावर हरता डाव वाचवायचं एक मोठं हत्यार उभं आहे: न संपणारा शह. काळा राजा जी८ वर आहे, पुढं जी७ ला त्याचं प्यादं आहे, पण एफ आणि एच रांगेतली प्यादी गेलेली आहेत आणि मध्ये आड यायला कोणी मोहरा नाही. पांढऱ्यानं वजीर ई८ वर नेऊन शह दिला. राजाला एच७ शिवाय जागा नाही. वजीर एच५ ला, पुन्हा शह. राजा परत जी८ ला. वजीर परत ई८ ला. काळ्याकडं दोन हत्ती जास्त असले तरी त्याला एकही मोकळी चाल मिळत नाही. स्थिती तीनदा आली, डाव बरोबरीत. म्हणून हरत असताना समोरच्याचा राजा उघडा आहे का ते आधी बघायचं. आणि जिंकत असताना आपल्या राजापुढची प्यादी उगाच पुढं ढकलायची नाहीत.

५. पन्नास चालींचा नियम

काही ठिकाणी समोर एकटा राजा उरला की ठरावीक चालींत मात द्यायची, नाहीतर बरोबरी, असा घरगुती नियम असतो. त्या चालींचा आकडा जागेप्रमाणं बदलतो. स्पर्धेतला नियम एकच आहे. दोघांच्या प्रत्येकी ५० चाली झाल्या आणि त्यात एकही प्यादं हललं नाही, एकही मोहरा मारला गेला नाही, तर बरोबरी मागता येते. मध्ये एक प्यादं हललं किंवा काही मारलं गेलं की मोजणी पुन्हा एकपासून. हेही मागावं लागतं. प्रत्येकी ७५ चाली झाल्या तर मागितलं नाही तरी बरोबरी होते. ७५ वी चाल मातीची असेल तर मात धरली जाते.

याचा अर्थ सरळ आहे. हत्ती आणि राजा घेऊन एकट्या राजाला मात देता येत नसेल, तर जिंकलेला डावही पूर्ण गुण देत नाही. वजिराची मात आणि हत्तीची मात या दोन गोष्टी पोरांनी डोळे झाकून येतील इतक्या घोटल्या पाहिजेत.

६. दोघांच्या मर्जीनं

दोन्ही खेळाडू कबूल झाले तर डाव बरोबरीत सुटतो. त्याचीही रीत आहे. आधी आपली चाल करायची, मग ‘बरोबरी?’ असं विचारायचं आणि घड्याळ दाबायचं. समोरचा हो म्हणाला तर डाव संपला. नाही म्हणाला किंवा त्यानं मोहऱ्याला हात लावला तर प्रस्ताव गेला. समोरचा विचार करत असताना पुन्हा-पुन्हा विचारणं हा त्रास धरला जातो, पंच समज देऊ शकतात. काही स्पर्धांत ठरावीक चालींआधी अशी बरोबरी करायला बंदी असते, म्हणून सुरुवातीलाच पंचांना विचारून घ्यावं.

समोरचा खेळाडू वयानं मोठा आहे, नावाजलेला आहे, म्हणून दबून हो म्हणू नये. त्यानं बरोबरी मागितली याचा अर्थ त्याला स्वतःचा डाव पुरेसा चांगला वाटत नसेल, असाही असू शकतो. पट बघा, वेळ बघा, मग उत्तर द्या.

एका प्याद्याविरुद्ध राजा कसा वाचतो?

शेवटी समोर राजा आणि एक प्यादं, आपल्याकडं फक्त राजा. इथं पुष्कळ पोरं डाव सोडतात. पण आपला राजा प्याद्याच्या वाटेत असेल तर बरेचदा डाव वाचतो.

पांढरं प्यादं ई६ वर, पांढरा राजा ई५ वर, काळा राजा ई७ वर, चाल काळ्याची. काळ्यानं सरळ मागं, ई८ ला जायचं. तिरकं डी८ किंवा एफ८ ला गेला तर हरला. आता पांढरा राजा डी६ ला आला तर काळ्यानं डी८ ला, एफ६ ला आला तर एफ८ ला जायचं. दोन्ही राजे समोरासमोर आणि मध्ये एक घर मोकळं, हे ध्यानात ठेवायचं. मग प्यादं ई७ ला येऊन शह देईल, काळा राजा ई८ ला येईल. पांढऱ्यापुढं दोनच वाटा उरतात: ई६ ला येऊन प्यादं राखलं तर कोंडी, दुसरीकडं गेला तर प्यादं मेलं. दोन्हीकडून बरोबरी. घरी दोघांनी बसून ही स्थिती दहा वेळा खेळली की हाताला बसते.

प्यादं अगदी कडेच्या रांगेतलं, म्हणजे ए किंवा एच रांगेतलं असेल तर काम आणखी सोपं. आपला राजा त्याच्या पुढच्या कोपऱ्यात पोचला की त्याला तिथून हुसकता येत नाही. समोरच्याकडं जोडीला उंट असला, पण तो कोपऱ्यातल्या घराच्या रंगावर चालणारा नसेल, तरीही बरोबरीच. एक उंट आणि एक प्यादं जास्त असून डाव जिंकता येत नाही, हे नवख्यांना खरं वाटत नाही. पटावर मांडून बघितलं की पटतं.

मोठ्यांच्या पटावर

१९८४-८५ मध्ये कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांची जगज्जेतेपदाची लढत ४८ डाव चालली, त्यातले ४० डाव बरोबरीत गेले. शेवटी फेब्रुवारी १९८५ मध्ये लढत निकालाविनाच थांबवावी लागली. २०१८ मध्ये लंडनला कार्लसन आणि करुआना यांचे बाराच्या बारा मोठे डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांत कार्लसननं तिन्ही डाव जिंकले.

२०२४ ला सिंगापूरमध्ये आपल्या गुकेशनं चीनच्या डिंग लिरेनला साडेसात विरुद्ध साडेसहा असं हरवलं. त्या १४ डावांपैकी नऊ बरोबरीत होते. १२ डिसेंबरला झालेल्या शेवटच्या डावात गुकेशकडं एक प्यादं जास्त होतं, दोघांकडं एकेक हत्ती आणि एकेक उंट. डाव बरोबरीकडं चालला होता. पण ५५ व्या चालीला डिंगनं हत्तीची मारामारी करायला जागा दिली. गुकेशनं हत्ती काढले, मग उंटही काढायला लावला आणि उरलेल्या प्याद्यांच्या जोरावर डाव घेतला. मोहरे कमी झाले की बरोबरी पक्की होते असं नाही, हे त्यातून दिसतं. मारामारी करण्याआधी उरलेली प्यादी आणि राजे कुठं आहेत, हे बघावंच लागतं.

घरी आणि शाळेत काय करता येईल?

मोबाईलवर खेळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही ॲपमध्ये तीनदा स्थिती आली की डाव आपोआप बरोबरीत थांबतो, काहींत बटण दाबून मागावं लागतं. ॲपच्या सवयीनं स्पर्धेत बसलेलं पोरगं वाट बघत राहतं आणि हक्क सुटतो. पटावर आपल्यासाठी कोणी मोजत नाही.

शाळेत गुरुजींनी आठवड्यातून एक तास पूर्ण डाव न खेळवता फक्त शेवटच्या स्थिती मांडून दिल्या तरी मोठा फरक पडेल. वजिरानं मात, हत्तीनं मात, कोपऱ्यातली कोंडी, एका प्याद्याविरुद्ध राजा, न संपणारा शह. या पाच गोष्टींना ना इंटरनेट लागतं ना पैसा. एक पट आणि दोन पोरं पुरतात. सोबत वहीत चाली लिहायची सवय लावावी.

आणि घरच्यांसाठी एक. पोरगं स्पर्धेहून आलं आणि ‘बरोबरी झाली’ म्हणालं, तर ‘म्हणजे जिंकला नाहीस ना’ एवढ्यावर विषय संपवू नका. डाव कसा होता ते विचारा. दोन मोहरे कमी असताना त्यानं अर्धा गुण आणला असेल तर तो कमावलेला गुण आहे. वजीर हातात असताना अर्धा गेला असेल तर पट काढा, ती स्थिती पुन्हा मांडा, आणि मात कुठं होती ते त्यालाच शोधू द्या.